नव्याच्या सणाचा चीक

गव्हाचा चीक कुणाचा, हा प्रश्न मराठवाड्यातल्या आमच्या माकणी गावात कुणाला पडला नसता. तिथं तो उन्हाळ्याचा होता आणि पोरांचा होता. होळी झाली, नवा गहू घरात आला, तेरणाकाठचं ऊन कडक व्हायला लागलं की आज्जी कुरडयांचा घाट घालायची. गहू तीन दिवस पाण्यात. रोज सकाळी पाणी बदलायचं, नाहीतर वास मारतो. चौथ्या दिवशी तो फुगलेला, आंबूस गहू वाटायचा, पाण्यात कालवून फडक्यातून पिळून काढायचा आणि ते पांढरं पाणी रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरची निवळ ओतून दिली की तळाशी घट्ट बसलेला असायचा तो चीक. चोथाही वाया जात नसे, त्याच्या भुसवड्या व्हायच्या.

मग चूल. पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, मीठ-हिंग टाकायचं आणि चिकाची धार धरायची. एकीनं ओतायचं, दुसरीनं लाकडी दांड्यानं हाटत राहायचं. हात थांबला की गाठी. "हाट की गं, काय बघूलालीस?" आज्जी ओरडायची. हाटता हाटता पांढऱ्या दुधट रंगाचा चीक एकदम चकाकायला लागे, आरपार दिसेल असा होई. सोऱ्यात जाण्याआधी त्यातली एकेक पळी आमच्या वाट्यांत पडायची, वर साखर आणि साजूक तूप. गरम, गुळगुळीत, किंचित आंबट. रुसलेलं पोर त्या वाटीवर गप्प बसायचं, आणि आज्जीच्या गोष्टी ऐकायलाही तीच वेळ.

गोष्टी बहुतेक निजामाच्या राज्यातल्या. १९४८ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी चीक झाला नाही, असं ती सांगायची. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांची धास्ती होती. गहू पेवात लपवलेला, पेवाचं तोंड बुजवून वर कडबा रचलेला. तीन दिवस गहू भिजत ठेवायचा म्हणजे घरात धान्य आहे असं गावाला सांगणंच. वाटण्याचा आवाज, आंबूस वास, दारात पसरलेल्या कुरडया, यातलं काहीच लपत नाही. सप्टेंबरात भारतीय फौजेची 'पोलीस ॲक्शन' झाली, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, आणि पुढच्या चैत्रात आमच्याकडे दुप्पट कुरडया झाल्या. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम शाळेत शिकायच्या आधी मी असा चिकाच्या वाटीतून शिकले.

लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा शेजारी एक मावशी होत्या. आडनाव अलिबागेकडच्या एका गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. नऊवारीतल्या आईचा फोटो भिंतीवर, आणि दाराच्या चौकटीला तिरपी ठोकलेली एक छोटी नळी. तिच्यात हिब्रूत लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो, हे मला नंतर कळलं. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. त्यांच्या घरी मराठीच चालायचं. प्रार्थना मात्र हिब्रू, ठाण्याच्या १८७९ सालच्या शाआर हाशामाईम या सिनेगॉगमध्ये.

एका भाद्रपदात त्यांनी ताटली पाठवली, वर जाळीचा रुमाल. गुलाबीसर, थरथरणाऱ्या, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेल्या वड्या आणि त्यांत रुतवलेले बदामाचे काप. "नव्याचा सण आहे आमचा. तोंड गोड कर." पहिल्या घासाला नारळ लागला, मग वेलदोडा, मग जायफळ. आणि या सगळ्याच्या खाली जिभेला ओळखीचं काहीतरी लागलं. मी रिकामी ताटली घेऊन तडक त्यांच्याकडे गेले. "मावशी, यात चीक आहे?"

"मग काय मैदा घालीन?" त्या म्हणाल्या. "चिकाचाच हलवा म्हणतात याला. पण तुला गं घाटावरच्या बाईला चीक कसा ठाऊक?"

तिथून आमच्या गप्पा सुरू झाल्या. माझी आज्जी आणि त्यांची आजी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण गहू दोघीही तीनच दिवस भिजवत होत्या.

नव्याचा सण म्हणजे यहुद्यांचं नवं वर्ष, रोश हाशाना. तिश्री महिन्याची पहिली तारीख, सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. यहुदी पंचांगही आपल्यासारखं चंद्राच्या महिन्यांचं आणि सूर्याच्या वर्षाचं. तिथंही अधिक महिना असतो, १९ वर्षांत सात वेळा. म्हणून हा सण कधी गणपतीच्या आधी येतो, कधी घटस्थापनेच्या आसपास. त्या दिवशी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात, सफरचंद मधात बुडवून खातात आणि वर्ष गोड जावं म्हणून मागणं मागतात. जगभरचे यहुदी एवढं करतात. बेने इस्राएल घरात त्यावर हलवा हवाच.

मावशींच्या लहानपणी, अलिबागेच्या इस्राएल आळीत, तो सणाच्या दोन दिवस आधी रटरटायचा. आजी चीक काढून ठेवायची. आत्या आणि काकू नारळ खवायच्या, पहिलं घट्ट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. जाड बुडाच्या कल्हईच्या पातेल्यात चीक, नारळाचं दूध, साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र करून चुलीवर चढवलं की पुढं सगळा मनगटाचा खेळ. सुरुवातीला ढवळायला बायका. घट्ट व्हायला लागला की पुरुषांना हाक. मावशींचे वडील, काका, शेजारचा एखादा धडधाकट कोळी, सगळे पाळीपाळीनं सराटा धरायचे. हलवा पातेल्याची कड सोडायला लागतो, मग त्याला नारळाचं तेल सुटतं. तेल सुटलं की झाला. मावशींची आजी ताटलीवर थेंब टाकून बोटानं उचलून बघायची. बोटाला चिकटला तर अजून ढवळा. वेलची, जायफळ, सुका मेवा पडायचा आणि हलवा ताटांत ओतला जायचा. पहिली ताटं शेजारी जायची, कोळीवाड्यात, भंडाऱ्यांकडे, ब्राह्मण आळीत. दिवाळीला त्याच ताटांतून फराळ परत यायचा.

मी विचारलं, "नारळाचं दूध का? म्हशीचं घातलं तर लवकर नाही का होणार?"

मावशी हसल्या. "तिथंच तर आम्ही यहुदी आहोत."

तोरा या आमच्या धर्मग्रंथात आज्ञा आहे, असं त्यांनी सांगितलं, करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस. त्यावरून मांस आणि दूध एका जेवणात एकत्र न करण्याचा नियम आला. सणाच्या दिवशी पानात मटण असतं. त्यानंतर दुधातुपाची मिठाई चालत नाही. नारळाचं दूध चालतं. मग सगळा हलवा नारळावर. गव्हाचा चीक देशावरही निघतो, कोकणातही. नारळ तर कोकणचाच. वेलची-जायफळ कुठल्याही मराठी पुरणात असतं. या ताटलीत यहुदी काय होतं? एकच गोष्ट. त्यात जे घातलं नव्हतं ते.

हे कळल्यावर मावशींच्या बाकीच्या गोष्टी मला वेगळ्या ऐकू यायला लागल्या. त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. नवगावला आज त्याचं स्मारक आहे. हे कधी घडलं याचा लेखी पुरावा नाही. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला, तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यात त्यांनी ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेली आहे. पोथ्या समुद्रात गेल्या. हिब्रू विसरली. 'शेमा' ही एकच प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. धर्मगुरू नाही, आणि १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधेपर्यंत प्रार्थनेची वास्तूही नाही. हे दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेतले, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आले. मावशींच्या आजोबांच्या तोंडी ही हकिकत काल घडल्यासारखी असायची.

मग इतकी शतकं हे लोक यहुदी राहिले कशावर? गावानं त्यांना नाव दिलं होतं 'शनवार तेली'. तेलाचा घाणा चालवणारी कोकणात खूप घरं होती. यांचा घाणा शनिवारी बंद. बाकी बोली तीच, लुगडं तेच, गळ्यातलं मंगळसूत्रही तेच. फक्त एका दिवशी बैल सोडलेला. गावाला त्यांची ओळख पटली ती त्यांनी न केलेल्या कामावरून.

दाविद राहबीची गोष्ट तर कोकणातल्या प्रत्येक यहुदी घरात सांगतात. राहबी नावाचा एक विद्वान यहुदी या किनाऱ्याला आला. त्याचा काळ कोणता यावर इतिहासकारांत वाद आहेत, पण गोष्ट सगळीकडे एकच. त्याला शंका आली की हे शनिवार पाळणारे लोक आपलेच असावेत. त्यानं कागद मागितले नाहीत. वेगवेगळी मासळी आणून घरातल्या बाईला म्हणाला, यातली रांध. तिनं पर आणि खवले असलेले मासे घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. ते आम्ही खात नाही, म्हणाली. राहबीला हवं ते मिळालं. त्यानं तिघांना शिकवून काझी नेमलं आणि हिब्रू परत शिकवली.

सणांची जुनी मराठी नावंही याच घरातली. आब महिन्याच्या उपासाला बिरड्याचा सण म्हणायचे, कारण त्या वेळी केळीच्या पानावर वालाचं बिरडं असायचं. तिश्रीतच एक खिरीचा सण होता, नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा दारफळणीचा सण. दार लावून, पांढरे कपडे घालून, दिवसभर उपाशी राहायचं, परक्याला शिवायचंही नाही. आणि पेसाख, मिसर देशातून सुटल्याचा सण, म्हणजे अनशी ढाकायचा सण. अनस म्हणजे आंबट रस साठवायचं भांडं. आठ दिवस ते झाकून ठेवायचं, घरात आंबवलेलं काही नको. सिनेगॉगं आली, छापील पुस्तकं आली, १८४६ मध्ये पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह मुंबईत निघाली, तशी ही नावं मागं पडून हिब्रू नावं पुढं आली. झाकलेलं भांडं, लावलेलं दार, सोडलेला बैल, बाजूला सारलेली मासळी, दूध न घातलेला हलवा. ज्यांच्याकडे ग्रंथ उरला नव्हता त्यांनी धर्म अशा वर्ज्य गोष्टींत जपला, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी बायकांच्या हातात होत्या.

मलिदाही मावशींमुळेच कळला. आमच्याकडे मलिदा म्हणजे पोळी चुरून, गूळ-तूप घालून दर्ग्यात नेतात तो. यांचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं ताट मांडतात. अलिबागजवळ खंडाळे गावात एलियाहू प्रकट झाला आणि तिथल्या कातळावर त्याच्या रथाच्या चाकाच्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. तिथं समाज अजून जातो, पोह्यांचं ताट घेऊन.

मावशींकडे एकदा किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं. मी तेव्हा शाळेत होते. सास्तूर आमच्या शेजारचं गाव, तिथं किती घरं राहिली ते मोजायलाच कुणी शिल्लक नव्हतं, असं मोठी माणसं बोलायची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं. उन्हाळ्यात गार राहणारी घरंच माणसांवर बसली. आमच्या घराची भिंत फाटली. त्यानंतर कितीतरी रात्री माकणीत कुणी छताखाली झोपलं नाही. पुढं पत्र्याची शेड आली.

मावशींनी जुनी पंचांगं काढली. त्या दिवशी १५ तिश्री होती. सुक्कोथचा पहिला दिवस. मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात खोपटांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात जेवतात. छप्पर पाल्याचं, त्यातून चांदण्या दिसल्या पाहिजेत. "आम्ही सिनेगॉगच्या अंगणात मांडवाला फळं टांगत होतो," मावशी म्हणाल्या, "आणि रेडिओवर तुमची गावं ऐकत होतो. आमचा मांडव सात दिवसांचा. तुमचा किती दिवस गं?"

आमचा खूप दिवस राहिला. पण पुढच्या चैत्रात आज्जीनं शेडच्या दारात तीन दगड मांडून चूल केली आणि गहू भिजत घातला. आई म्हणाली, औंदा राहू द्या. आज्जीनं ऐकलं नाही. ज्यांच्या घरी रडारड झाली होती त्यांच्या पोरांनाही तिनं वाटी घेऊन बोलावलं. कुरडया तिनं पत्र्यावर टाकल्या. एका दिवसात कडकडीत वाळल्या. "पत्र्याचा येवढाच उपेग," ती म्हणाली. भूकंपानंतर मी तिला हसताना बघितलं ते तेव्हा.

मावशींच्या घरातली फूट मात्र भूकंपाविना पडली. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला तेव्हा बेने इस्राएलांची संख्या भारतात वीस हजारांच्या आसपास होती. पन्नास-साठच्या दशकांत कुटुंबंच्या कुटुंबं गेली. मावशींचा थोरला भाऊ दिमोनाला गेला, नेगेवच्या वाळवंटात. तिथून मराठीत पत्र यायचं. पहिल्या नव्याच्या सणाला वहिनीनं गहू भिजवला, पण नारळ मिळेना. गाईचं दूध घालू का, असं तिनं विचारलं नाही. ते वर्ष हलव्याशिवाय गेलं. पुढं जो येईल त्याच्या ट्रंकेत सुकं खोबरं पाठवायची पद्धत पडली.

तिथं त्यांना आणखी एक धक्का बसला. धर्मपीठानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला फर्मान काढलं की बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी पुस्तकाविना धर्म टिकवला त्यांच्याकडे कागद मागितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं जाहीर केलं की हे लोक पूर्णपणे यहुदी आहेत, हक्कांत कुणाहून कमी नाहीत. मावशींचा भाऊ त्या निदर्शनांत बसला होता. त्यानं पत्रात लिहिलं होतं, या लोकांपेक्षा राहबी शहाणा होता, तो सरळ स्वयंपाकघरात गेला.

आज दिमोना, अश्दोद, रामले इथं मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत आणि हलवाही आहे. भारतात पाच हजारांहून कमी बेने इस्राएल उरले, बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागेचं मागेन अबोथ सिनेगॉग उभं आहे, पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं अवघड झालं आहे. सराटा धरायला तरी कुठून येणार? म्हणून चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास आलं. वड्या पडतात, रंगही येतो, काम तासाभरात उरकतं. मावशी तोही आवडीनं खात. मात्र नव्या पद्धतीनं करणाऱ्या सुनेला त्यांनी एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. चीक नसला तरी चालेल, दूध घालायचं नाही.

मला या दोन म्हाताऱ्यांकडून जे मिळालं त्यावरून माझं मत असं झालं आहे की पाककृतींची पुस्तकं अर्धाच इतिहास लिहितात. साहित्य आणि कृती, बस. कुठल्या दिवशी चूल पेटवायची नाही, कशात काय मिसळायचं नाही, कुणाच्या घरी आधी न्यायचं, आणि कुठल्या साली पदार्थ झालाच नाही व का, हे त्यांत नसतं. ते फक्त करणाऱ्या बाईला ठाऊक असतं. तुमच्या घरात, मग ते माकणीत असो की ठाण्यात, अशी बाई अजून असेल तर वही घेऊन तिच्याजवळ बसा. काय घालायचं ते तर लिहाच, पण काय घालायचं नाही ते आधी विचारा.